किड्यांचा गणपती

आमच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या बरोबर वर किड्यांचा एक गणपती टांगलेला आहे. काचेची फ्रेम, सोनेरी पट्टी, उंची चांगली दोन हात. मुकुट चकचकीत सोनकिड्यांचा, सोंड काळ्या भुंगेऱ्यांची, आणि पायाशी जो उंदीर आहे तो शेणकिड्यांचा. घरी येणारा प्रत्येक माणूस चपला काढता काढता वर बघतो आणि म्हणतो, "वा, काय कल्पना आहे!" मी "हो" म्हणतो आणि पंखा लावतो. माझ्या साऱ्या नोकरीभराचं काम त्या काचेमागे मरून पडलंय, हे चहाच्या आधी पाहुण्याला कसं सांगणार?

मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. शिकवण्याव्यतिरिक्त किडे जमवले. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, देणी जमवतात, मी किडे जमवले. सुट्टी लागली की खांद्याला पिशवी, हातात जाळी, आणि एसटीने कळवण, सुरगाणा, कुठे वाट फुटेल तिकडे. आणलेला किडा मारायचा, सुकवायचा, टाचणीला टोचायचा आणि त्याच टाचणीला, किड्याच्या खाली, नखाएवढ्या कागदाची चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर बारीक अक्षरात गाव, तारीख, कोणत्या झाडावर मिळाला ते, आणि एक क्रमांक. विद्यार्थ्यांना वाटायचं, किडा महत्त्वाचा. मी त्यांना सांगून सांगून थकलो की बाबांनो, चिठ्ठी महत्त्वाची. चिठ्ठी नसेल तर तो नुसता मेलेला किडा आहे, तसे तर तुमच्या ट्यूबलाइटमध्येही पडलेले असतात.

त्या सगळ्या संग्रहात माझा जीव एका लहान डबीत होता. डबीत तीन भुंगेरे होते, मसुरीच्या डाळीएवढे, मातकट रंगाचे, कोणी ढुंकून बघणार नाही असे. सुरगाण्याच्या बाजूला एका पाड्याच्या वर काळ्या दगडाची कपार होती, तिथून पाणी झिरपायचं, आणि श्रावण-भाद्रपदात त्या ओल्या कपारीत तेरडा उगवायचा. त्या तेरड्याच्या पानांवर मला तो भुंगेरा मिळाला. खालच्या शेतांच्या बांधावर तेरडा असायचा, रस्त्याकडेला असायचा, तिथे शोधला, नाही. फक्त त्याच कपारीत. मी पुस्तकं पालथी घातली, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पाय, मिश्या, पोटातले अवयव पाहिले, चित्रं काढली. कशाशी जुळेना. शेवटी दक्षिणेतल्या एका शहरात या कुळातल्या भुंगेऱ्यांवर काम करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना फोटो आणि चित्रं पाठवली. त्यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, नवा दिसतो. पण नुसत्या फोटोवर नाव देता येत नाही, भुंगेरा चिठ्ठीसकट घेऊन या, आपण दोघे मिळून बसू. मी वैशाखात निवृत्त होणार होतो. त्यानंतर लगेच जायचं ठरलं. कॉलेजची परवानगी आली होती, रेल्वेचं तिकीट काढून झालं होतं. इतक्या वर्षांत मी एवढा खूश कधी नव्हतो, लग्नातही नाही, आणि हे बायकोला माहीत आहे.

नाव काय द्यायचं तेही मी ठरवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं.

आता त्या अमेरिकन माणसाबद्दल सांगायला हवं, कारण पुढे तो आडवा येतो. दरवर्षी वर्गीकरण शिकवायला घेतलं की पहिल्या तासाला मी त्याची गोष्ट सांगायचो. दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस. घरची औषधं विकणारी माणसं, यानेही दुकान काढलं आणि बुडवलं, कारण सगळं लक्ष गोगलगायींत आणि किड्यांत. हाती पैसा नव्हता तेव्हा एका संग्रहालयातच राहायचा आणि घोड्याच्या सांगाड्याखाली अंथरूण टाकून झोपायचा असं म्हणतात. इथे वर्ग हसायचा. त्या काळी अमेरिकेतले प्राणी दारूच्या पिंपात घालून जहाजाने युरोपात जायचे, आणि ज्यांनी तो डोंगर, ते गवत कधी पाहिलं नाही अशी माणसं तिकडे बसून त्यांचं बारसं करायची. याला ते पटेना. आपल्या घरातल्या पोराचं बारसं शेजाऱ्याने का करायचं? सैन्याच्या एका तुकडीबरोबर हा घोड्यावर बसून पश्चिमेच्या डोंगरांपर्यंत गेला आणि दिसेल त्याचं वर्णन लिहीत सुटला. कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा तिकडचा कायोटी, शास्त्रात त्याचं नाव यानेच लिहिलं. तिथल्या मूळच्या लोकांकडे त्या जनावराची आपली नावं होतीच, पण ती कोणी विचारली नव्हती. साप, पक्षी, एक छोटा चपळ कोल्हा, आणि किडे तर हजाराहून जास्त. वांग्याच्या कुळातल्या एका रानटी काटेरी झुडपावर राहणारा पट्ट्यापट्ट्यांचा भुंगेरा होता, त्याचंही वर्णन त्याने करून ठेवलं. पुढे तोच बटाट्याच्या शेतात घुसला आणि त्याने तिकडच्या शेतकऱ्यांच्या नाकी नऊ आणले. म्हणून क्षुल्लक दिसणाऱ्याचंही नाव लिहून ठेवावं, असं मी म्हणायचो. द्राक्षबागा असलेल्या घरांतली मुलं तेवढं वाक्य लिहून घ्यायची.

मग मी आवाज खाली आणायचो. त्या सफरीत तुकडीतले काही शिपाई पळून गेले. जाताना घोडे नेले, घोड्यांवरच्या थैल्या नेल्या. थैल्यांमध्ये याच्या वह्या होत्या, सगळ्या प्रवासात पाहिलेल्या प्राण्यांची टिपणं. शिपायांना त्या कागदांचं काय? दिले असतील कुठेतरी फेकून. त्या वह्या परत मिळाल्या नाहीत. इथे मी त्या शिपायांना शिव्या द्यायचो, कॉलेजात देता येतील तेवढ्या. गोष्टीचं शेपूट असं की तो अकालीच वारला आणि त्याने जमवलेले किडे पुढे बरेचसे किड्यांनीच खाल्ले. वाळलेल्या किड्यांवर जगणारे किडे असतात, त्यांची केसाळ अळी डबीत शिरली की आतला ऐवज पिठासारखा होतो. पण त्याने वर्णनं छापून ठेवली होती, म्हणून नावं तेवढी उरली. "समजलं का?" असं मी विचारायचो. मुलं "हो सर" म्हणायची.

मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाला ती गोष्ट फार आवडली होती. अभ्यासात त्याचं मन नव्हतं, दुसऱ्या वर्षात नापास झाला आणि वडिलांच्या दुकानात बसला. रविवार कारंजापासून आत गेलं की त्याचं फ्रेम करून देण्याचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, मानपत्रं, मयताचे फोटो, सगळं एकाच भिंतीवर लावलेलं. मी बाजारात दिसलो की हातातलं काम टाकून बाहेर यायचा, वाकून नमस्कार करायचा आणि चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. नापास केलेल्या मास्तरला एवढं कोण विचारतं?

निवृत्तीच्या सत्काराची समिती झाली तेव्हा माझ्या विभागात मी एकटाच उरलो होतो. जागा भरल्या नव्हत्या. तासिका तत्त्वावरच्या एक बाई होत्या, त्या बाहेरगावी पेपर तपासायला गेल्या होत्या. समितीत वाणिज्य शाखेचे एक सर, ऑफिसातले एक जण आणि माजी विद्यार्थ्यांतर्फे हा फ्रेमवाला. आपल्याकडे निवृत्त होणाऱ्याला न सांगता काहीतरी करायचं असतं, तो थक्क झाला पाहिजे, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, तरच सत्कार चांगला झाला. माझा सगळा संग्रह प्रयोगशाळेत असायचा आणि प्रयोगशाळेची किल्ली ऑफिसात. मी शेवटच्या आठवड्यात पेन्शनच्या कागदांसाठी हिंडत होतो.

सत्काराला हॉल भरला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंच्या चारोळ्या झाल्या. मग फ्रेमवाल्याला बोलायला उभं केलं. त्याला भाषणाची सवय नव्हती, माईक दोन्ही हातांनी धरला होता. त्याने सगळी गोष्ट सांगितली, अमेरिकन माणसाची. घोड्याचा सांगाडा, कायोटी, पळालेले शिपाई. माझे शब्द, माझे थांबे, आवाज खाली आणणं, सगळं जसंच्या तसं. "त्या शिपायांना काय माहीत, थैलीत काय आहे," तो म्हणाला. "मी माझ्या पोरींना आजपण ही गोष्ट सांगतो. सर, आपल्या नाशिकचा तो माणूस म्हणजे तुम्ही." टाळ्या पडल्या. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. आणि मग त्याने मखमली पडदा ओढला.

आधी मला गणपती दिसला. मग मला किडे दिसले. सप्तशृंगीच्या घाटात मिळालेला सोनकिडा मुकुटात होता. कळवणच्या एका गोठ्यामागून उचललेले शेणकिडे उंदरात होते. सगळे गोंदाने चिकटवलेले, पोटावर, पाय मोडून. टाचण्या नव्हत्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कोणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं आणि हॉलने "मोरया" म्हटलं. मी हात जोडले, दुसरं काय करणार?

तो वाकून पाया पडला तेव्हा मी त्याच्या कानाशी विचारलं, "खालच्या चिठ्ठ्या?"

"काढल्या सर सगळ्या," तो आनंदाने म्हणाला. "लय कळकट झाल्या होत्या. पिवळ्या पडलेल्या, काहींना बुरशी. शोभा गेली असती."

"आणि बारके, मातकट?"

"ते नाही घेतले. लांबून दिसतच नाहीत ना सर."

त्यानंतर मी आभाराचं भाषण केलं. काय बोललो ते मला ठाऊक नाही. बायको म्हणते, "चांगलं बोललात, थोडक्यात आवरलंत." डोळ्यांत पाणी आलेलं सगळ्यांनी पाहिलं. सत्कार चांगला झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेमवाल्याचं दुकान उघडायच्या आधी मी तिथे जाऊन उभा राहिलो. शटर वर करून तो आत गेला, मला स्टूल दिलं. काउंटरवर माझी डबी होती. झाकणाला मीच लावलेली पांढरी पट्टी होती, आत फ्रेमला लावायच्या पितळी कड्या होत्या. "डबी मजबूत होती सर, टाकवेना," तो म्हणाला. मी त्याला विचारलं, यात तीन भुंगेरे होते ते कुठे गेले. तो सांगू लागला. चिठ्ठ्या आणि उरलेले किडे एका कॅरीबॅगेत भरले होते आणि कॅरीबॅग घंटागाडीत दिली होती. त्याची बायको, वहिनी, तो, सगळे जेवणं आटोपून चिमट्याने काम करत बसायचे, इतक्या प्रेमाने कोणी माझं काही केलं नव्हतं. मला ओरडायचं होतं. वर्गात मी खडू फेकून मारणारा मास्तर म्हणून प्रसिद्ध होतो. मी फक्त त्याला सांगितलं की त्या तिन्हींना मिळून एक नाव मिळायचं होतं, पुढच्या आठवड्यात.

तो दुकान तसंच टाकून उठला. "चला सर." त्याच्या स्कूटरवर बसून आम्ही महापालिकेच्या खतप्रकल्पावर गेलो. तिथल्या वॉचमनने विचारलं, सोनं पडलं का? आम्ही नाही म्हणालो, कागदाच्या चिठ्ठ्या. किती मोठ्या? मी अंगठ्याचं नख दाखवलं. त्याने आम्हाला आत सोडलं, बहुतेक कीव येऊन. आत कचऱ्याच्या टेकड्या होत्या आणि त्यांच्यावर एक यंत्र चालत होतं. आम्ही काठावर उभे राहिलो, उतरण्यासारखं काही नव्हतंच. तो नाकाला रुमाल लावून रडत होता आणि मला त्याची समजूतही काढावीशी वाटली नाही.

लोकांनी मला विचारलं, क्रमांक लिहिलेलं रजिस्टर असेल ना? आहे. कपाटात आहे. त्यात एका बाजूला गावं, तारखा आणि झाडं आहेत, आणि भिंतीवर किडे आहेत, आणि दोघांना जोडणारा क्रमांक घंटागाडीत गेला. दक्षिणेतल्या बाईंना फोन केला. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, वस्तूच नाही तर मी कशाचं वर्णन करू? पुन्हा मिळतो का बघा."

पुन्हा मिळतो का बघायचं तर तेरडा उगवायला हवा होता. मी तिकीट रद्द केलं आणि वाट पाहिली. उन्हाळा संपायचा बाकी होता. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तसं माझ्या निवृत्तीचं कौतुक केव्हाच ओसरलं. कॉलेजात आमच्या खोलीला रंग देऊन तिथे परीक्षेचं सामान ठेवलं. मी घरात येरझारा घालायचो आणि बायको मला भाजी निवडायला बसवायची. आशा वाईट असते. तिने माझी झोप खाल्ली, आणि भाजी निवडताना मेथीच्या पानावर जरा काही हललं की मी चष्मा शोधायचो.

भाद्रपदात फ्रेमवाल्याने आपली मालाची व्हॅन काढली. वणी मागे टाकली, बोरगावच्या पुढे आत वळलो. उतारांवर नागली उभी होती, खाचरांत भात. मी खिडकीला नाक लावून खुणा शोधत होतो. पाड्याकडे वळणारी वाट, मग आंब्याचं झाड, मग कपार. वाट आली. आंब्याचं झाड आलं नाही. त्या जागी रुंद नवा रस्ता होता, गुळगुळीत, मध्ये पांढरी रेघ. डोंगराचं पोट उभं कापलेलं, लाल माती आणि फुटलेला दगड, वर जाळ्या ठोकलेल्या.

आणि सगळीकडे तेरडा होता. उपसून टाकलेल्या मातीच्या ढिगांवर, चरांच्या कडेने, जाळ्यांच्या फटीतून, गुलाबी तेरडा दाट फुललेला. इतका तेरडा मी तिथे पूर्वी कधी पाहिला नव्हता. आम्ही दोघे वाकून पानं उलटी करू लागलो. मी त्याला शिकवलं, पान कसं धरायचं, खाली तळहात कसा ठेवायचा, कारण हा भुंगेरा धक्का लागला की अंग टाकून देतो. तो मन लावून करत होता. कॉलेजात असं केलं असतं तर पास झाला असता. दुसरे किडे मिळाले, नेहमीचे, नाव असलेले. दुपार टळली. माझ्या पाठीत कळ येत होती आणि मी थांबायला तयार नव्हतो.

पाड्यावरचा एक म्हातारा बकऱ्या घेऊन चालला होता, तो थांबून बघत राहिला.

"काय हुडकता?"

"किडा," मी म्हणालो.

"औषीद मारायचं का?"

"नाही. बघायचाय."

त्याने बकऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्या कपड्यांकडे. "बघायला नाशकावरनं आले?"

मी विचारलं, "इथे कपार होती ना बाबा, पाणी झिरपायचं?"

"व्हती. सुरुंग लावले तवा गेली. पानी कुठं गेलं कोनाला ठाव. आता गाडी लवकर येती, बाई अडली तर दवाखान्यात नेता येती." तो रस्त्यावर खूश होता आणि त्याचं बरोबर होतं. सुरगाण्याच्या दवाखान्यापर्यंत अडलेल्या पोरीला झोळीत घालून नेणाऱ्या माणसाला मी मसुरीएवढ्या भुंगेऱ्याबद्दल काय सांगणार? मी त्याला बरं म्हणालो. तो पुढे गेला.

परतताना फ्रेमवाल्याने गाडी सावकाश घेतली. घाट उतरल्यावर म्हणाला, "सर, तुम्ही ती गोष्ट सांगायचे तेव्हा मला त्या शिपायांचा लय राग यायचा. वाटायचं, किती नीच माणसं."

मला त्याला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. तू वेगळा, तू प्रेमाने केलंस, असं काही. पण माझ्या मनात आलं की त्या शिपायांनाही कोणाचं वाईट करायचं नव्हतं. ते कंटाळले होते, त्यांना घरी जायचं होतं, आणि थैल्या घोड्यांवरच बांधलेल्या होत्या. इतकी वर्षं मी दरवर्षी त्यांना शिव्या घातल्या. त्या दिवशी व्हॅनमध्ये माझ्याकडे शिव्या द्यायला माणूस उरला नाही. राग तसाच होता, जायला जागा नव्हती. मी म्हणालो, "पुढे बघून चालव." तो पुढे बघून चालवू लागला.

फ्रेममधले तरी वाचवावे, गोंद विरघळवून एकेक सोडवावा, असं एकदा मनात आलं. मी स्क्रू काढायला घेतला तर बायको स्वयंपाकघरातून आली. "गणपती मोडणार?" एवढंच म्हणाली. ती फार देवभोळी नाही, पण तिचा चेहरा पाहून मी स्क्रू परत बसवला. मातीचा असता तर विसर्जन तरी केलं असतं. आणि सोडवून तरी काय? कळवणचा कोणता, घाटातला कोणता, त्यांच्या अंगावर थोडंच लिहिलंय.

दिवाळीनंतर सोफ्यावर बारीक तपकिरी पीठ पडू लागलं. फ्रेमच्या खालच्या पट्टीला एक फट आहे, तिथून. मी भिंग घेऊन पाहिलं. सोंडेच्या दोन भुंगेऱ्यांमध्ये एक केसाळ अळी होती, बारीक, पट्ट्यांची. ओळखायला भिंगाची गरज नव्हती. शेजारच्या काकू हळदी-कुंकवाला आल्या होत्या, त्यांना ते पीठ दिसलं. त्यांनी चिमूटभर उचलून कपाळाला लावलं आणि गाऱ्हाणं घातल्यासारखं काहीतरी पुटपुटल्या. त्यांच्या नातवाला नोकरी नाही.  हसू आलं होतं, ते मधेच थांबलं.

बायको रोज सकाळी सोफा झटकते. एक दिवस कुंचा हातात धरून तिने विचारलं, "हे रोज काय पडतं?"

मी सांगितलं, "किडा लागलाय. वाळलेले किडे खाणारा."

"त्याला नाव आहे का?"

"आहे. दोन शब्दांचं, लॅटिन. कधीच दिलंय कोणीतरी."

"डांबराच्या गोळ्या टाकू का आत?"

"नको."

तिने सोफ्यावरची एक उशी झटकली. मग म्हणाली, "आणि तुम्ही त्या तुमच्या भुंगेऱ्याचं नाव काय ठरवलं होतं? मला पण नाही सांगितलंत."

मी तिला सांगितलं. पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं. चांगलं नाव आहे, त्यात त्या पाड्याचं नाव येतं. तिने ते एकदा म्हणून पाहिलं, जीभ अडखळली, पुन्हा म्हटलं, आणि कुंच्याने पीठ सुपलीत भरून बाहेर नेलं.

ते नाव इथे लिहावं असं वाटत होतं, पण लिहीत नाही. आमच्या शास्त्राचा नियम आहे, नुसतं नाव लिहून ठेवलं आणि त्यामागे वर्णन नसेल, दाखवायला डबीत प्राणी नसेल, तर ते नाव धरत नाहीत. अशा नावाला लॅटिनमध्ये एक शब्द आहे, त्याचा अर्थ होतो नागडं नाव. मी शिकवायचो तेव्हा मुलं या शब्दाला हसायची. मीही हसायचो.